पहिला बर्फ टिकला, तरच हंगाम साधला

मालेगाव, प्रतिनिधी : दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होत नाहीत, तोच मालेगाव-नाशिकमधील सहल कंपन्यांच्या दारांवर काश्मीर आणि मनालीचे फलक झळकू लागतात. फलकावर शुभ्र उतार, देवदारांवर साचलेला बर्फ आणि पायांना स्कीच्या पट्ट्या बांधून उभे असलेले हसरे कुटुंब. उन्हाळ्यात ४२-४३ अंशांचा पारा सोसणाऱ्या शहराला हे चित्र भुरळ घालते, यात नवल नाही. नाव नोंदविताना विचारला जाणारा प्रश्नही दरवर्षी एकच असतो : नाताळच्या सुट्टीत बर्फ नक्की मिळेल ना?

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर 'खात्री देता येत नाही' असे आहे. जानेवारी २०२४ मध्ये, म्हणजे काश्मीरच्या ऐन कडाक्याच्या थंडीत, गुलमर्गची कुरणे उघडी आणि तपकिरी पडली होती. बर्फ पाहायला गेलेले पर्यटक वाळलेल्या गवतावर उभे राहून छायाचित्रे काढत होते. त्या हंगामातील पहिला मोठा हिमवर्षाव झाला तो जानेवारी सरता सरता. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, 'खेलो इंडिया' हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधील टप्पा पुरेशा बर्फाअभावी पुढे ढकलावा लागला. तो मार्चमध्ये पार पडला. उत्तराखंडमधील औली येथे फेब्रुवारी २०२३ मध्ये ठरलेल्या राष्ट्रीय स्पर्धा तर बर्फ नसल्याने रद्दच झाल्या. हिमालयात बर्फ पडतच नाही, असे यातून म्हणता येणार नाही. बिघडले आहे ते बर्फाचे वेळापत्रक, आणि स्कीइंगचा सारा व्यवहार त्या वेळापत्रकावर बेतलेला आहे.

पेरणीसारखेच गणित

स्कीच्या हंगामात एकूण बर्फ किती पडला, यापेक्षा पहिला बर्फ कधी पडला आणि तो टिकला का, याला अधिक महत्त्व असते. कसमादे पट्ट्यातील शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. मृगाची एखादी सर आली म्हणून पेरणी उरकायची आणि नंतर पावसाने ओढ दिली की दुबार पेरणीचे संकट ओढवून घ्यायचे, हा अनुभव त्याच्या गाठीला आहे. पेरणीला जसा जमिनीत मुरलेला पाऊस आणि वाफसा लागतो, तसा स्कीला जमिनीवर बसलेला बर्फ लागतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गुलमर्गच्या माथ्यावरील अफरवत शिखरावर बर्फाची पहिली चादर दिसू लागते. वृत्तवाहिन्यांवर ती झळकते आणि आरक्षणे वाढतात. परंतु त्या वेळी जमिनीत उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते. वरून पडलेला बर्फ खालून वितळतो. थर पातळ असला की ऊन त्यातून आरपार जाऊन खालची काळी माती तापविते आणि उरलासुरला बर्फही दोन-चार दिवसांत नाहीसा होतो. रात्रीच्या थंडीने जमीन गोठली आणि त्यावर फूटभर बर्फ एका दमात बसला, तरच खालच्या जमिनीचा आणि वरच्या बर्फाचा संबंध तुटतो. बर्फात अडकलेली हवा गोधडीसारखे काम करते. त्यानंतर पडणारा प्रत्येक थर आधीच्या थरावर साचत जातो.

काश्मिरी माणसाने या काळाला नावेच दिली आहेत. २१ डिसेंबरपासून ४० दिवस 'चिल्लई कलान', पुढचे २० दिवस 'चिल्लई खुर्द' आणि अखेरचे १० दिवस 'चिल्लई बच्चा'. यांतील पहिल्या ४० दिवसांत पडलेला बर्फ गोठून राहतो आणि वसंतापर्यंत पुरतो, असा तेथील पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव. फेब्रुवारी-मार्चमध्ये कितीही बर्फ पडला तरी चढत्या उन्हापुढे तो फार काळ तग धरत नाही. हंगामाची भरपाई उशिराच्या बर्फाने पूर्णपणे होत नाही, त्याचे कारण हेच.

बर्फाची जाडी हाही फसवा आकडा आहे. नुकताच पडलेला कोरडा बर्फ अत्यंत भुसभुशीत असतो. घनमीटरभर बर्फाचे वजन ५० ते १०० किलो भरते. स्कीच्या उतारावर तो यंत्राने दाबल्यावर त्याची घनता चार-पाच पटींनी किंवा त्याहूनही वाढते. याचा अर्थ असा, की कमरेपर्यंत आलेला मीटरभर ताजा बर्फ दाबला की जेमतेम वीतभर उरतो. गवताळ, सपाट उतारावर फूटभर दाबलेला बर्फ नवशिक्यांना पुरतो. खडकाळ उतारावर मात्र त्याच्या तिप्पट-चौपट थर हवा. अन्यथा बर्फाखाली लपलेला दगड स्कीची कड तोडतो, आणि प्रसंगी गुडघाही.

हिमवर्षावाआधीची लगबग

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १९२७ मध्ये येथे स्की क्लब काढला, तेव्हापासून या कुरणांची ओळख स्कीशी जोडली गेली. स्वातंत्र्यानंतर लष्कराने १९४८ मध्ये येथेच सुरू केलेल्या स्की शाळेतून पुढे 'हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल' उभे राहिले. जगभरचे स्कीपटू येथे येऊ लागले ते मात्र गोंडोलामुळे. या रोप-वेचा पहिला टप्पा १९९८ मध्ये कोंगडोरीपर्यंत सुरू झाला. २००५ मध्ये दुसरा टप्पा थेट अफरवतच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३,९५० मीटरपर्यंत पोहोचला. माथ्यापासून तळापर्यंत तेराशे मीटरचा उतार एका सलग प्रवासात मिळतो, अशी ठिकाणे जगातही मोजकीच.

या उतारांची तयारी बर्फ पडण्यापूर्वीच सुरू होते. हे काम पर्यटकांच्या नजरेला पडत नाही. पावसाळ्यानंतर वाढलेले गवत आणि झुडपे कापली जातात, पाण्याने उघडे पडलेले दगड हटविले जातात, ओहळांची तोंडे भरून घेतली जातात. गवत उंच राहिले तर पहिला बर्फ त्याच्या टोकांवर अडकतो आणि जमिनीला टेकतच नाही. कापलेल्या उतारावर तोच बर्फ लवकर बसतो. रोप-वेचे दोर, पुल्या आणि खांब तपासले जातात. जून २०१७ मध्ये वादळी वाऱ्याने झाड दोरावर पडून केबिन कोसळली आणि सात जणांचा मृत्यू झाला. तेव्हापासून मार्गालगतच्या झाडांचा प्रश्नही या तपासणीइतकाच गंभीर मानला जातो.

बर्फ पडू लागला, की 'स्नो बीटर' बाहेर निघतो. रणगाड्यासारख्या रुंद पट्ट्यांवर चालणारे हे यंत्र पहिला थर दाबून बसवते. ही दाबणी शक्यतो सायंकाळनंतर करतात, कारण दाबलेल्या कणांना एकमेकांशी चिकटून घट्ट होण्यासाठी रात्रीची थंडी मिळते. यंत्र पोहोचत नाही तेथे माणसे स्की आडव्या धरून, पाऊल-पाऊल सरकत बर्फ तुडवतात. भाड्याने साहित्य देणाऱ्या दुकानांत स्कीच्या कडांना धार लावणे आणि तळाला मेण चोळणे सुरू असते. टंगमर्ग ते गुलमर्ग हा सुमारे १३ किलोमीटरचा घाटरस्ता मोकळा ठेवण्यासाठी बर्फ हटविणारी यंत्रे सज्ज ठेवली जातात. जोराचा हिमवर्षाव झाला की चाकांना साखळ्या बांधलेल्या किंवा चारही चाकांना ताकद असलेल्या गाड्याच वर सोडतात.

या साऱ्यांच्या भोवती स्लेजवाले, घोडेवाले, स्की शिकवणारे तरुण, टंगमर्ग परिसरातील हॉटेल कामगार अशी मोठी साखळी आहे. त्यांची वर्षाची कमाई मुख्यतः दोन-अडीच महिन्यांत होते. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे झालेल्या दहशतवादी हल्ल्यानंतर खोऱ्यातील पर्यटकांचा ओघ आटला आणि उन्हाळी हंगामावर पाणी पडले. अशा वर्षी हिवाळ्याचा पहिला बर्फ वेळेवर येणे या कुटुंबांसाठी किती मोलाचे, हे वेगळे सांगायला नको. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू असलेला आरिफ खान याच टंगमर्ग परिसरातून पुढे आला. त्याने जायंट स्लॅलममध्ये ४५ वा क्रमांक मिळविला.

यंत्राने बर्फ करता येत नाही का?

येतो, पण त्यालाही थंडी लागते. औलीमध्ये २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी कृत्रिम बर्फ बनविणारी यंत्रे बसविण्यात आली आणि त्यांना पाणी पुरविण्यासाठी उतारालगत कृत्रिम तलावही आहे. या यंत्रांतून दाबाखालील हवेबरोबर पाण्याचे सूक्ष्म तुषार उडवले जातात आणि जमिनीवर पडेपर्यंत ते गोठतात. त्यासाठी हवेचे तापमान शून्याखाली हवे, एवढेच पुरेसे नाही. हवा कोरडीही हवी.

याचे कारण मालेगावकरांच्या घरातील कूलरमध्ये सापडते. मे महिन्याच्या कोरड्या हवेत कूलर खोली थंड करतो आणि जूनच्या दमट हवेत तोच कूलर निरुपयोगी ठरतो, कारण दमट हवेत पाण्याची वाफ होत नाही आणि वाफ झाल्याशिवाय उष्णता निघून जात नाही. बर्फाच्या यंत्रातील तुषारही असेच, थोडीशी वाफ होऊन, थंड होतात. ओल्या कपड्यात गुंडाळलेल्या तापमापकावर पारा जेथे स्थिरावतो, ते तापमान साधारण उणे २ अंशांच्या खाली असेल तरच बर्फ बनतो. हवा कोरडी असेल तर शून्य अंशालाही यंत्र चालू शकते. ढगाळ, दमट रात्री उणे १ अंशालाही केवळ चिखल होतो.

शिवाय पाणी. घनमीटरभर पाण्यापासून दोन-अडीच घनमीटर बर्फ तयार होतो. एक हेक्टर उतारावर फूटभर बर्फ पसरायचा तर १२ ते १५ लाख लिटर पाणी लागेल. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजले तर १२० ते १५० टँकर. टँकरच्या फेऱ्या मोजण्याची सवय असलेल्या तालुक्याला या आकड्याचा अर्थ चटकन कळेल. युरोपातील आल्प्समध्ये पुष्कळ उतार या यंत्रांवर चालतात. त्यामागे तलाव, नळांचे जाळे आणि विजेची मोठी व्यवस्था उभी आहे. औलीत यंत्रे असूनही २०२३ च्या स्पर्धा वाचल्या नाहीत. त्याच जानेवारीत पायथ्याच्या जोशीमठ गावात जमीन खचू लागली आणि जोशीमठ-औली रोप-वे बंद करावा लागला. हिमालयाच्या ठिसूळ डोंगरावर आल्प्सची नक्कल किती करायची, हा प्रश्न आता केवळ पैशांचा राहिलेला नाही.

पातळ थराचा दगाफटका

हंगामाच्या सुरुवातीच्या बर्फाबाबत आणखी एक गोष्ट आहे. ती सहलीच्या पत्रकात कधीच नसते. डिसेंबरमध्ये थोडा बर्फ पडून पुढे आठवडे कोरडे, निरभ्र गेले, तर उंचावरील सावलीच्या उतारांवर तो पातळ थर वितळत नाही, पण निरोगीही राहत नाही. खालची जमीन शून्याच्या आसपास आणि वरची हवा उणे १५ अंश. मधल्या काही इंचांत तापमानाचा हा फरक असला की खालच्या कणांची वाफ वर सरकते आणि पुन्हा गोठते. काही दिवसांत चिकटणाऱ्या बर्फाचे रूपांतर जाड्या साखरेसारख्या सुट्या, घरंगळणाऱ्या कणांत होते. मुठीत दाबले तरी त्याचा गोळा होत नाही.

मग जानेवारी-फेब्रुवारीत जोरदार हिमवर्षाव होतो. चार-पाच फुटांचा नवा थर या साखरेवर येऊन बसतो. वरून सगळे गुळगुळीत आणि सुंदर दिसते. एका स्कीपटूचे वजन पडण्याचा अवकाश, की खालचा थर सरकतो आणि अख्खा उतार निसटतो. दिसायला भरघोस वाटणारा उशिराचा बर्फ म्हणूनच अधिक धोक्याचा ठरू शकतो. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवतच्या उतारावर हिमस्खलनात पोलंडच्या दोन स्कीपटूंचा मृत्यू झाला. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी, खाली गुलमर्गमध्ये 'खेलो इंडिया' स्पर्धा सुरू असताना, वरच्या उतारांवर रशियाचा एक स्कीपटू गाडला जाऊन दगावला.

संरक्षण खात्याची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाच्या धोक्याचा इशारा पाच पातळ्यांवर देते. गुलमर्गमधील गस्ती पथक मोठ्या हिमवर्षावानंतर गोंडोलालगतच्या नियंत्रित पट्ट्यात स्फोट घडवून सुटा बर्फ आधीच पाडून घेते आणि मगच तो पट्टा खुला करते. या हद्दीपलीकडच्या उतारांवर जाणाऱ्याने शोधयंत्र, काठी आणि फावडे जवळ बाळगणे अपेक्षित असते. गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या १५ मिनिटांत बाहेर काढलेली बहुतेक माणसे वाचतात. अर्ध्या तासानंतर ती शक्यता झपाट्याने घटते. कुटुंबासह जाणाऱ्या पर्यटकांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. शिकाऊंचे उतार खालच्या सौम्य कुरणात आहेत. मात्र 'वर ताजा बर्फ आहे, चला' असे म्हणणाऱ्या अनोळखी वाटाड्याच्या मागे हद्द ओलांडणे शहाणपणाचे नव्हे.

गुलमर्गचा बर्फ, निफाडची गार

मालेगावहून काश्मीर दीड हजार किलोमीटरवर असले, तरी दोन्हीकडच्या हिवाळ्याची दोरी एकाच हाती आहे. भूमध्य समुद्राच्या परिसरात उगम पावून इराण, अफगाणिस्तानमार्गे पूर्वेकडे सरकणारे पश्चिमी झंजावात, म्हणजेच 'वेस्टर्न डिस्टर्बन्स', हिमालयाला धडकतात तेव्हा गुलमर्गला बर्फ पडतो. ते पुढे सरकल्यावर उत्तरेचे थंड वारे मोकळे होतात आणि निफाडचा पारा घसरतो. द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. एखादा झंजावात दक्षिणेकडे अधिक ताणला गेला आणि त्याची गाठ समुद्रावरून आलेल्या दमट पूर्वेकडील वाऱ्यांशी पडली, तर नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट होते. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी झाले ते हेच. निफाडसह जिल्ह्यातील द्राक्षबागा आणि कांद्याची रोपे काही मिनिटांत झोडपली गेली.

अवेळी बर्फाचा फटका काश्मिरी शेतकऱ्यालाही बसतो. नोव्हेंबर २०१८ आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये, झाडांवर पाने आणि काही बागांत फळेही असताना, जड ओला बर्फ पडला. सफरचंदाच्या फांद्या बुंध्यापासून चिरल्या. स्की दुकानदारांना सुखावणारा बर्फ बागायतदारांना रडवून गेला.

चिंता आहे ती बर्फ टिकण्याची. काठमांडूस्थित 'इसिमोड' या संस्थेच्या अहवालानुसार, नोव्हेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात हिंदुकुश-हिमालय पट्ट्यात जमिनीवर बर्फ टिकून राहण्याचे प्रमाण सरासरीपेक्षा २३.६ टक्के कमी होते. २३ वर्षांतील हा नीचांक होता आणि सरासरीहून कमी बर्फाचे ते सलग तिसरे वर्ष होते. बर्फ पडला किती, हे हा आकडा सांगत नाही. पडलेला बर्फ किती दिवस राहिला, हे सांगतो. स्कीचा उतार आणि उन्हाळ्यातील नद्यांचे पाणी, दोन्ही त्यावरच अवलंबून आहेत.

मग जायचे कधी?

दिवाळीच्या सुट्टीत गुलमर्गच्या कुरणात बर्फ मिळण्याची आशा धरू नये. मिळाला तर तो वर, अफरवतच्या खांद्यावर. तेथे चालता येईल, स्की शिकता येणार नाही. नाताळात शक्यता बरी, पण बेभरवशाची. पत्रकावरील ते शुभ्र छायाचित्र बहुधा फेब्रुवारीतले असते, हे ध्यानात ठेवलेले बरे. जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हा त्यातल्या त्यात खात्रीचा काळ. शिकण्याची खरी इच्छा असेल, तर गुलमर्गच्या 'भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थे'चे किंवा मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचे वर्ग याच सुमारास भरतात. दोन तासांच्या भाड्याच्या स्कीपेक्षा ते केव्हाही सरस.

मनमाडहून जम्मूकडे जाणारी झेलम एक्स्प्रेस या भागातील प्रवाशांच्या जुन्या ओळखीची. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाल्याने, बर्फाने महामार्ग बंद पडला तर अडकून राहण्याची भीती कमी झाली आहे. गोंडोलाची तिकिटे महामंडळाच्या संकेतस्थळावरून आगाऊ काढावी लागतात आणि जोराचा वारा सुटला की वरचा टप्पा बंद ठेवतात. म्हणून मुक्काम एकाच रात्रीचा नसावा. वरच्या टप्प्यावर हवा विरळ असते. दम्याचे आणि हृदयविकाराचे रुग्ण, तसेच लहान मुले असलेल्यांनी कोंगडोरीवर थांबणे इष्ट. पैसे भरण्यापूर्वी सहल कंपनीला दोन गोष्टी लेखी विचाराव्यात : गोंडोला बंद राहिला तर त्याचे पैसे परत मिळतील का, आणि बर्फ नसल्यास तारीख पुढे नेता येईल का.

दहावी-बारावीचे विद्यार्थी असलेल्या घरांना फेब्रुवारीचा हा मुहूर्त साधणार नाही. परीक्षा आटोपून मार्चअखेरीस निघणाऱ्यांना कुरणात चिखल आणि बर्फाची ठिगळे दिसतील. पण वरच्या टप्प्यावर त्या वेळीही बर्फ असतो, आणि सकाळी दहाच्या आत, ऊन चढण्यापूर्वी, तो स्कीला बरा असतो.